परिचर्या शिक्षण : पैशांचे गणित प्रवेशाआधीच मांडा

बारावीचा निकाल लागला, की विज्ञान शाखेतील अनेक विद्यार्थिनींचा ओढा परिचर्या अर्थात नर्सिंग अभ्यासक्रमाकडे वळतो. शिक्षण संपताच नोकरीची बऱ्यापैकी खात्री, शासकीय सेवेची संधी आणि परदेशाची वाट, अशी या क्षेत्राची जमेची बाजू आहे. ज्या घरांतून या विद्यार्थिनी येतात, त्यांपैकी अनेक घरांना चार वर्षांचा खर्च एकरकमी पेलणारा नसतो. 'आधी प्रवेश घेऊ, शिष्यवृत्तीचे नंतर पाहू' असा विचार करून पालक पहिला हप्ता भरतात आणि पुढे अर्ज करताना कळते, की ज्या मार्गाने प्रवेश घेतला त्या मार्गाला शिष्यवृत्तीच लागू नाही.

शिष्यवृत्ती मिळणार की नाही, याचा निर्णय बहुतेक वेळा अर्जाच्या दिवशी होत नाही. तो प्रवेशाच्या दिवशी, किंबहुना प्रवेश परीक्षेचा अर्ज भरतानाच झालेला असतो. उपलब्ध योजनांची माहिती म्हणूनच त्याच क्रमाने घेणे सोयीचे ठरेल.

अभ्यासक्रम कोणता?

परिचर्येचे प्रामुख्याने तीन प्रवेशमार्ग आहेत. सहायक परिचारिका प्रसविका (एएनएम) हा दोन वर्षांचा, सामान्य परिचर्या व प्रसविका पदविका (जीएनएम) हा तीन वर्षांचा, तर बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय आवश्यक असतात. जीएनएमसाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. राज्यातील पदवी महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात, तर पदविका अभ्यासक्रमांच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते.

हा तपशील आर्थिक साह्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. मान्यता नसलेल्या संस्थेतील विद्यार्थ्याला ना शिष्यवृत्ती मिळते, ना बँकेचे शैक्षणिक कर्ज, ना पुढे परिचर्या परिषदेकडे नोंदणी. 'नर्सिंग' या नावाखाली सहा महिन्यांचे वा वर्षाचे खासगी वर्ग चालविणाऱ्या संस्थांची प्रमाणपत्रे नोंदणीकृत परिचारिकेच्या कामासाठी उपयोगाची नसतात. संस्थेचे नाव विद्यापीठाच्या वा मंडळाच्या यादीत आणि 'महाडीबीटी' या शासकीय संकेतस्थळाच्या सूचीत आपल्या अभ्यासक्रमासह आहे ना, हे सर्वप्रथम पाहावे.

प्रवेशाचा मार्ग निर्णायक

राज्यात बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षातर्फे प्रवेश परीक्षा घेतली जाते आणि त्यानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजेच 'कॅप'च्या, फेऱ्या होतात. खासगी महाविद्यालयांत याखेरीज व्यवस्थापन कोटा आणि संस्थास्तरावरील प्रवेश असतात. राज्याच्या शुल्क सवलतीच्या मोठ्या योजना कॅपमधून मिळालेल्या प्रवेशालाच लागू आहेत.

राज्य शासनाने ८ जुलै २०२४ रोजी काढलेल्या निर्णयानुसार शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काचा शंभर टक्के लाभ दिला जातो. पूर्वी या वर्गांसाठी हे प्रमाण पन्नास टक्के होते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपये वा त्याहून कमी असावे, ही मुख्य अट आहे. शासकीय, अनुदानित, अंशतः अनुदानित आणि कायम विनाअनुदानित महाविद्यालयांना ही योजना लागू आहे. खासगी अभिमत विद्यापीठे, स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे, तसेच व्यवस्थापन कोटा व संस्थास्तरावरील प्रवेश मात्र तिच्यातून वगळण्यात आले आहेत. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीतील व्यावसायिक अभ्यासक्रमांचा या निर्णयात समावेश आहे.

याचा अर्थ उदाहरणाने समजून घेता येईल. समजा, एका खासगी महाविद्यालयाचे वार्षिक शिक्षण शुल्क ८० हजार रुपये आहे. समान गुण असलेल्या दोन मैत्रिणींपैकी एकीला तेथे कॅपच्या दुसऱ्या फेरीत जागा मिळाली आणि दुसरीने 'जागा जाईल' या भीतीने आधीच व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला. पहिलीचे चार वर्षांचे ३ लाख २० हजार रुपये वाचतील. दुसरीला तेवढेच पैसे स्वतः भरावे लागतील. वर्ग एक, शिक्षक एक, रुग्णालय एक. फरक केवळ प्रवेशाच्या कागदाचा. कॅपच्या सर्व फेऱ्या संपेपर्यंत थांबण्याचा धीर म्हणूनच मोलाचा ठरतो. अभिमत विद्यापीठाच्या महाविद्यालयाबाबतही हाच हिशेब आधी करावा.

मुलगेही आता या क्षेत्राकडे वळत आहेत. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. तिच्यात सर्वसाधारणपणे शुल्काच्या निम्म्या रकमेची प्रतिपूर्ती होते.

मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी

अनुसूचित जाती व अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हा सर्वांत भक्कम आधार आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असल्यास शिक्षण व परीक्षा शुल्काबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो. अनुसूचित जातींसाठीच्या सुधारित योजनेत हा भत्ता अभ्यासक्रमाचा गट आणि वसतिगृहातील वा घरातील वास्तव्य यांनुसार वर्षाला २,५०० ते १३,५०० रुपये इतका आहे. या योजनेचा खर्च केंद्र व राज्य ६० : ४० या प्रमाणात उचलतात आणि केंद्राचा हिस्सा विद्यार्थ्याच्या आधार संलग्न बँक खात्यात थेट जमा होतो. वर्गातील ७५ टक्के उपस्थिती बंधनकारक आहे.

उत्पन्न अडीच लाखांहून अधिक असले, म्हणून या प्रवर्गांतील विद्यार्थ्यांनी अर्जच न करणे चुकीचे आहे. शिक्षण व परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती, म्हणजेच प्रचलित भाषेत 'फ्रीशिप', त्यांच्यासाठीच आहे. तिच्यात निर्वाह भत्ता नसतो. पण शुल्काचा मोठा भार उतरतो. विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागास वर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी शिष्यवृत्ती व शुल्क प्रतिपूर्ती अशा दोन स्वतंत्र योजना असून त्यांच्या उत्पन्न मर्यादाही वेगळ्या आहेत. एकीत बसत नसल्यास दुसरी अवश्य पाहावी.

शुल्क माफ झाले, राहण्याचे काय?

परिचर्येचे शिक्षण वर्गात कमी आणि रुग्णालयाच्या वॉर्डात अधिक होते. सकाळची, दुपारची, पुढे रात्रीची पाळी विद्यार्थिनींना करावी लागते. घरून ये-जा करणे अनेकींना शक्य नसते आणि काही महाविद्यालयांत वसतिगृहात राहणे सक्तीचेच असते. त्यामुळे वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तके आणि प्रात्यक्षिकांसाठीचा प्रवास यांचा एकत्रित खर्च कित्येकदा शिक्षण शुल्काच्या बरोबरीला जातो. शुल्कमाफीच्या योजना हा खर्च भागवीत नाहीत. प्रवेशाच्या वेळी तो लेखी मागून घ्यावा.

या खर्चासाठी वेगळ्या योजना आहेत. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून राबविली जाते. भोजन, निवास व निर्वाह भत्ता मिळून मुंबई, पुणे, नागपूर आदी मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार, विभागीय व अन्य महापालिका शहरांत ५१ हजार आणि इतर जिल्हा ठिकाणी ४३ हजार रुपये दिले जातात. शैक्षणिक साहित्यासाठी काही रक्कम वेगळी मिळते. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख असून गुणांची अटही आहे. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, तर इतर मागास, भटके-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहेत.

खुल्या प्रवर्गासह आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांतील, तसेच अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. शुल्काची सवलत आणि वसतिगृह भत्ता या दोन वेगळ्या गोष्टी असल्याने पात्र विद्यार्थ्याने दोन्ही अर्ज करावेत. एकाच कारणासाठी, उदाहरणार्थ शिक्षण शुल्कासाठी, दोन शासकीय योजनांचा लाभ मात्र घेता येत नाही.

लष्करी परिचर्या सेवा : खर्चाविना पदवी

शिक्षणाचा खर्च जवळपास शून्यावर आणणारा एक मार्ग महाराष्ट्रातील विद्यार्थिनींच्या दारातच आहे. सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवेची सहा परिचर्या महाविद्यालये असून त्यांपैकी दोन राज्यात आहेत : पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयातील आणि मुंबईच्या 'आयएनएचएस अश्विनी' या नौदल रुग्णालयातील. कोलकाता, नवी दिल्ली, लखनौ व बेंगळुरू येथे उर्वरित चार आहेत. सहाही ठिकाणी मिळून बी.एस्सी. नर्सिंगच्या २२० जागा आहेत आणि त्यांपैकी पुणे व मुंबई येथे प्रत्येकी ४०.

येथे निवास व भोजन विनामूल्य असते, गणवेशासाठी भत्ता आणि दरमहा विद्यावेतन मिळते. पदवीनंतर लष्करी परिचर्या सेवेत अधिकारी म्हणून काम करावे लागते आणि तसा करार प्रवेशाच्या वेळीच करावा लागतो. प्रवेश अविवाहित मुलींसाठी असून बारावीला विहित विषयांत किमान ५० टक्के गुण आवश्यक आहेत. २०२२ पासून या प्रवेशासाठी 'नीट' परीक्षेचे गुण ग्राह्य धरले जातात. केवळ राज्याची प्रवेश परीक्षा देणाऱ्या विद्यार्थिनीसमोर हा मार्ग त्या वर्षी बंद असतो. दोन्ही परीक्षांचे अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरावे लागतात, हे ध्यानात ठेवावे.

शासकीय व महापालिका रुग्णालयांशी जोडलेल्या परिचर्या विद्यालयांचाही विचार प्राधान्याने करावा. जागा मोजक्या असल्या, तरी तेथील शुल्क खासगी संस्थांच्या तुलनेत नगण्य असते.

विशेष घटकांसाठी साह्य

* माजी सैनिक व तटरक्षक दलातील माजी कर्मचाऱ्यांच्या पाल्यांसाठी केंद्रीय सैनिक मंडळामार्फत पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे. व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षीच अर्ज करावा लागतो. बारावीला किमान ६० टक्के गुण हवेत. मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये मिळतात.
* नोंदणीकृत बांधकाम कामगारांच्या पहिल्या दोन पाल्यांना राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून पदवी शिक्षणासाठी वार्षिक साह्य दिले जाते. पालकांची नोंदणी चालू स्थितीत असणे आवश्यक आहे.
* अल्पसंख्याक समाजातील विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांची राज्य शिष्यवृत्ती महाडीबीटीवर आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ अल्प व्याजाने शैक्षणिक कर्जही देते.
* दोन्ही पालक गमावलेल्या, अनाथ प्रमाणपत्रधारक मुलामुलींना जुलै २०२४ च्या शुल्कमाफीच्या निर्णयात सामावून घेण्यात आले आहे.

स्वयंसेवी संस्थांचा हातभार

शासकीय योजनांतून उरलेली तूट भरून काढण्यासाठी न्यास व सेवाभावी संस्थांची मदत घेता येते. पुण्याचे लीला पूनावाला फाउंडेशन गुणवंत व गरजू मुलींना पदवीसाठी शिष्यवृत्ती देते आणि तिच्या अभ्यासक्रमांत परिचर्येचा समावेश असतो. डॉ. अच्युत आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली पुण्याची विद्यार्थी सहाय्यक समिती ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्यांची अत्यल्प खर्चात निवास व भोजनाची सोय करते. ठाण्याचे विद्यादान सहाय्यक मंडळ ग्रामीण व आदिवासी भागांतील विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाला पाठबळ देते. याखेरीज ज्ञातिसंस्था, सहकारी पतपेढ्या, साखर कारखाने आणि देवस्थान न्यास यांच्या छोट्या शिष्यवृत्त्या असतात. त्यांची जाहिरात फारशी होत नाही. आपल्या तालुक्यात चौकशी केल्यास दहा-पंधरा हजार रुपयांची सोय होऊ शकते.

अशा संस्था सहसा गुणपत्रिकेबरोबर घरी भेट देऊन वा मुलाखत घेऊन निवड करतात. इतर कोणाकडून किती साह्य मिळते, हे त्यांना स्पष्ट सांगावे. माहिती लपविल्याचे उघड झाल्यास पुढील वर्षांचे साह्य थांबते.

कर्ज : शेवटचा, पण सन्माननीय पर्याय

इतके करूनही रक्कम अपुरी पडल्यास शैक्षणिक कर्जाकडे वळावे. भारतीय बँक महासंघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत मान्यताप्राप्त परिचर्या पदवी व पदविका अभ्यासक्रम बसतात. चार लाख रुपयांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत पतहमी निधीमुळे तारण लागत नाही. शिक्षणाचा काळ व त्यानंतर एक वर्ष परतफेडीची सवलत असते आणि त्यापुढे १५ वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. शुल्काबरोबरच वसतिगृह, पुस्तके व गणवेशाचा खर्चही कर्जात धरता येतो.

वार्षिक उत्पन्न साडेचार लाख रुपयांपर्यंत असल्यास सवलतीच्या काळातील व्याजासाठी केंद्राचे अनुदान आहे. मात्र, त्यासाठी संस्थेला विहित मूल्यांकन असणे आवश्यक असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना निवडक दर्जेदार संस्थांपुरती आहे. आपले महाविद्यालय त्या यादीत असल्यास आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलतीसाठी अर्ज करता येतो. इतर मागास वर्गासाठीच्या राज्य महामंडळाची व्याज परतावा योजनाही उपयुक्त आहे.

कर्ज किती घ्यावे, हे ठरविताना पहिल्या पगाराचा विचार करावा. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने ५० हून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला दरमहा किमान २० हजार रुपये वेतन असावे, अशी शिफारस केली होती. प्रत्यक्षात अनेक लहान रुग्णालयांत ती पाळली जात नाही. चार लाख रुपयांचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे झाल्यास मासिक हप्ता सुमारे ५,३०० रुपये येतो. साडेसहा लाखांच्या कर्जाला तो साडेआठ हजारांच्या पुढे जातो. शिक्षणकाळातील व्याज मुद्दलात मिळविले, तर याहूनही अधिक. वीस हजारांच्या पगारातून पहिला हप्ता कष्टाने का होईना, निघतो. दुसरा घरभाडे व जेवण भागवून निघणे कठीण आहे. कॅपमधून मिळालेली शुल्कमाफी कर्जाची रक्कम निम्म्यावर आणू शकते, म्हणूनच तिचे मोल मोठे आहे. शिक्षणकाळात जमेल तेवढे व्याज दरमहा भरत राहिल्यास पुढचा भार हलका होतो.

कागदपत्रे आधी, धावपळ नंतर नको

बहुसंख्य अर्ज अपात्रतेमुळे नव्हे, तर अपुऱ्या कागदपत्रांमुळे अडतात. बारावीच्या वर्षातच पुढील तयारी करावी :

* तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र.
* जातीचे प्रमाणपत्र व जात वैधता प्रमाणपत्र. वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीतच पडताळणी समितीकडे द्यावा.
* लागू असल्यास नॉन-क्रीमीलेअर अथवा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र.
* विद्यार्थिनीच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते. खात्याला आधार क्रमांक जोडणे आणि ते थेट लाभ हस्तांतरणासाठी संलग्न करणे, या दोन वेगळ्या बाबी आहेत. दुसरी पूर्ण झाल्याची बँकेत खात्री करून घ्यावी.
* आधार, गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवरील नावात एकवाक्यता.
* शिक्षणात खंड असल्यास त्याबाबतचे प्रतिज्ञापत्र, तसेच कॅपचे जागावाटप पत्र.

अर्ज भरल्यावर तो महाविद्यालयाच्या लॉगइनमध्ये पडताळणीसाठी जातो. तेथे तो पडून राहिला, तर मुदत निघून जाते. अर्ज क्रमांक जपून ठेवावा आणि दर पंधरवड्याला स्थिती तपासावी. शिष्यवृत्तीचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी ती आपोआप मिळत नाही.

महाविद्यालयाने अडविल्यास

'पूर्ण शुल्क आधी भरा, शासनाकडून आल्यावर परत करू' असे काही संस्था सांगतात. पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी सवलतीचे शुल्क वसूल करू नये, अशा सूचना शासनाने वेळोवेळी दिल्या आहेत. अशा वेळी मागणी लेखी स्वरूपात घ्यावी, भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी आणि महाडीबीटीवरील तक्रार सुविधेबरोबरच सामाजिक न्याय विभागाच्या योजनांसाठी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे लेखी तक्रार करावी. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्यान्वये शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. त्याहून अधिक रक्कम मागण्याचा संस्थेला अधिकार नाही. देणगीच्या नावाखाली पैसे घेण्यास राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे.

प्रवेशानंतर मूळ प्रमाणपत्रे पडताळणीपुरतीच द्यावीत आणि पोच घ्यावी. काही खासगी रुग्णालये शिक्षणाचा खर्च उचलून त्या बदल्यात ठरावीक वर्षे नोकरीचा करार करतात. सही करण्यापूर्वी त्यातील वेतन, कामाची वर्षे आणि करार मोडल्यास भरावयाची रक्कम हे तिन्ही आकडे पालकांनी स्वतः वाचावेत.

प्रवेशापूर्वी विचारावयाचे पाच प्रश्न

१. हा प्रवेश कॅपमधून आहे, की संस्थास्तरावरील?
२. महाविद्यालय व अभ्यासक्रम महाडीबीटीच्या सूचीत आहे काय?
३. शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेले शुल्क किती आणि त्याव्यतिरिक्त वसतिगृह, मेस, गणवेश मिळून किती?
४. आपल्या प्रवर्गात व उत्पन्न गटात शुल्काची कोणती आणि निवासाची कोणती योजना बसते?
५. सर्व साह्य वजा जाता उरणारी रक्कम चार वर्षांची मिळून किती आणि तिचा मासिक हप्ता पहिल्या पगारात बसतो काय?

या पाचही प्रश्नांची उत्तरे कागदावर आल्याशिवाय कोठेही पैसे भरू नयेत.